डोळा विकायचा नाही

घर बघायला गेले तेव्हा त्यांनी मला आधी चालायला लावलं.

मी फाटकातून आत गेले, नाव सांगितलं, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते असं सांगितलं. वेताच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी यातलं काही ऐकलं असेल असं वाटेना. डोक्याला माकडटोपी, इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी आणि पायात कॅनव्हासचे बूट. नजर माझ्याकडे नाहीच; रस्त्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर खिळलेली. त्या टँकरलाच उद्देशून ते म्हणाले, "त्या नारळापर्यंत जाऊन ये. भरभर नको. रोज चालतेस तसं."

"कशाला?" मी विचारलं.

"घर पाहिजे की नको?"

बंगळुरात घर शोधून तळपाय झिजलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. मी मुकाट्यानं नारळापर्यंत गेले आणि परत आले. पुण्यात मला बघायला आलेल्या स्थळांनीसुद्धा चालून दाखवायला सांगितलं नव्हतं. गृहस्थ टँकरला म्हणाले, "उजवा पाय स्वल्प बाहेर पडतो. पण मान स्थिर आहे. पोरगी बिथरणारी नाही." मग दाराकडे तोंड करून, "अगे, वरची खोली गेली. कॉफी टाक."

लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, रात्री किती वाजता येता, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. म्हातारा सर्किट आहे असं मला वाटलं आणि ते खरंही होतं. पण त्या सर्किटपणाला एक शिस्त होती, आणि ती काय आहे हे शोधण्यात राजाजीनगरातली माझी वर्षं मजेत गेली. माझा धंदाच तो. एखादी गोष्ट विचित्र वागायला लागली की ती नेमकी केव्हा तशी वागते ते बघत बसायचं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागले. त्यांचं घराणं चारएकशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथंच मुरलं. घरात मराठी बोलायचे, पण तिच्यात 'सरी' म्हणजे बरं, 'स्वल्प' म्हणजे थोडं असे कन्नड शब्द मुक्तहस्तानं पेरलेले. मी पुण्याची, तेव्हा शुद्ध मराठीचा मक्ता आपल्याकडे आहे अशा समजुतीत होते. एकदा अण्णांनी माझं फोनवरचं बोलणं ऐकून विचारलं, "तू बोललीस त्यात मराठी शब्द कुठला गे? सगळं इंग्लिशच की." त्यानंतर मी शुद्धतेचा विषय काढला नाही.

चिकपेटेत त्यांच्या घरचं साड्यांचं घाऊक दुकान होतं. आता पुतणे बघायचे. अण्णांनी जन्मभर दोनच कामं केली, साड्या घेतल्या आणि घोडे पाहिले. घोडे म्हणजे शर्यतीचे थरोब्रेड, आणि त्यांतही अजून न पळालेली पोरं. दोन वर्षांची होत आलेली शिंगरं. दर वर्षी हिवाळा सरता सरता त्यांचा लिलाव व्हायचा. त्याच्या आधी मालक, ट्रेनर आणि नव्यानं पैसा आलेली हौशी मंडळी अण्णांना फोन करकरून भंडावायची. पळालेल्या घोड्यांत अण्णांना रस नव्हता. "पळून झालेल्याचं काय बघायचं? ते पेपरात येतं," असं म्हणायचे. इतकी वर्षं रेसकोर्सवर काढून त्यांनी एकदाही पैसे लावले नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, हे म्हणजे गुत्त्यात बसून ताक पिणं झालं." ते म्हणाले, "ताक पितो म्हणूनच अजून आत येऊ देतात."

माणसांकडेही ते त्याच डोळ्यानं बघायचे. राजाजीनगरच्या मेट्रो स्टेशनवर आम्ही उभे असलो की समोरच्या फलाटावरच्या जाहिरातीकडे बघत पुटपुटायचे, "तो निळा शर्ट बघ. मागचे पाय चांगले, पुढचे बापासारखे असणार. ती बाई चिकपेटला उतरेल, खांदा ओझ्याचा आहे." त्या बाई चिकपेटलाच उतरल्या तेव्हा मला आश्चर्य वाटलं. अण्णांना वाटलं नाही. माझ्या ऑफिसातला एक मित्र घरी आला तेव्हा त्यालाही नारळापर्यंत जाऊन यावं लागलं. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "दिसायला छान आहे. पण दुसरा कोणी पळायला लागला की हा थांबणारा." तो मित्र पुढे मित्रच राहिला, यावरून काय ते समजा.

पण अण्णांची खरी खोड वेगळी होती. जी गोष्ट त्यांना आवडायची तिच्याकडे ते बघत नसत.

हे माझ्या लक्षात आलं ते भाजीच्या गाडीवर. घरी बीन्स हव्या असायच्या आणि अण्णा वांगी चिवडत बसायचे. एकेक वांगं उलटंसुलटं करायचे, देठ बघायचे, भाव विचारायचे. निघता निघता, जसं काही आत्ताच आठवलं, असं दाखवून म्हणायचे, "बरं, त्या बीन्स पण टाक अर्धा किलो." ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पाहिले होते; भांडं लपवून वर दुधाची चौकशी करणारा हा पहिलाच. अक्कांनी केलेलं काही आवडलं तर ते पंख्याकडे बघत जेवायचे, आणि पानाकडे टक लावून बसले की अक्का समजायच्या, मीठ चुकलं.

मी एकदा सरळ विचारलं तेव्हा त्यांनी चिकपेटेचं कारण सांगितलं. साड्या विकायला आलेला दलाल कधीच साडीकडे बघत नाही, तो घेणाऱ्याच्या डोळ्याकडे बघतो. डोळा कुठल्या काठावर स्वल्प जास्त थांबला की भाव तिथं चढला. अण्णांचे वडील त्यांना लहानपणी गादीवर शेजारी बसवून मांडीला चिमटा काढायचे. "डोळा विकायचा नाही," असं म्हणायचे. अण्णा तेच शिकले, आणि असे शिकले की पुढे गादी सुटली, दलाल गेले, तरी डोळा काही मोकळा झाला नाही.

लिलावाच्या आधी शिंगरं बघायला त्यांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी चाटच पडले. पुण्यात रेसकोर्स म्हणजे सकाळी चालायला जायची जागा. तिथं घोडेही असतात हे मी मनावर घेतलं नव्हतं. इथं पागेसमोरच्या मोकळ्या जागेत शिंगरांना एकेक करून बाहेर काढत होते, लांबवर चालवत नेत होते आणि परत आणत होते. माझ्या नारळाचा अर्थ मला तिथं लागला. अण्णा पुढे, आणि त्यांच्या मागे थोडं अंतर राखून बरीच मंडळी. कोणी फोनवर बोलल्याचं सोंग करतंय, कोणी आभाळ बघतंय, पण सगळ्यांचं लक्ष एकच: म्हातारा थांबतो कुठं.

अण्णा एका तांबूस शिंगरापुढे थांबले. खूर उचलून बघितला, खांद्यावरून हात फिरवला, मान हलवली. मागच्या मंडळींनी लगेच आपापल्या कॅटलॉगात त्या शिंगरावर फुली मारली. कारण अण्णा थांबले म्हणजे माल बेकार, हे आता सगळ्या रेसकोर्सला पाठ झालं होतं. विकायला आलेले लोक तर दुरूनच हात जोडायचे, "अण्णा, दया करा, आमच्या पोरापुढे उभे राहू नका."

"मग तुम्हाला आवडलेलं तुम्ही बघता केव्हा?" मी घरी आल्यावर विचारलं.

अण्णांनी कॉफी मागितली. पण मी तपासणारी बाई. दुसऱ्या खेपेला मी शिंगरांकडे न बघता अण्णांकडे बघत राहिले आणि मला कळलं. अण्णांच्या बुटाची नाडी सुटायची. कुठंतरी वाटेत, अगदी सहज. मग ते वाकायचे, नाडी बांधायचे, आणि हाताच्या आडून त्यांची नजर समोरच्या शिंगराच्या पायांवरून खुरापासून गुडघ्यापर्यंत जाऊन यायची. नाडी बांधून झाली की बघणं संपलं. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. मग त्यांना आठवण झाली आणि ते टँकर येतो त्या दिशेला बघायला लागले.

काळ्या घोडीची गोष्ट मला अक्कांनी सांगितली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात अवरेकाळू सोलत बसलो होतो. म्हणजे पावट्याचे दाणे. जानेवारीत सगळं बंगळूर तेच खातं, आणि सोलून सोलून बोटं हिरवी होतात. अक्का म्हणाल्या, "ते रोज नाडीचं नाटक करतात ते तुला गंमत वाटते. एकदा त्यांनी एक घोडी घेतली होती. काळी. दोघं मित्र आणि हे. पहिलीच शर्यत जिंकली ती. मित्र म्हणाले, लगेच पुन्हा पळवू. ह्यांनी रात्री तिच्या गुडघ्याला हात लावून बघितला होता. गरम होता. मला येऊन सांगितलं."

"आणि मित्रांना?"

"गप्प बसले. सवय की. ते भिंतीकडे बघत राहिले आणि मित्र समजले, ह्यांना चालतंय." अक्कांनी सालींचा ढीग बाजूला सारला. "गुडघा गेला तिचा. जीव वाचला, स्टडफार्मवर ठेवली पोरं व्हायला. हे दर वर्षी तिला बघायला जायचे, गूळ घेऊन. गेल्या पावसाळ्यात मेली. एक शेवटचं शिंगरू ठेवून गेली."

ते शिंगरू, म्हणजे एक काळी घोडीच, त्या वर्षीच्या लिलावात येणार होतं. आणि अण्णांना ती हवी होती. कोणा मालकासाठी नाही, स्वतःसाठी. त्यासाठी त्यांनी दुकानातला आपला वाटा पुतण्यांच्या नावावर करून पैसे मोकळे केले होते.

तिच्यात एक मेख होती. थरोब्रेड घोड्यांच्या जगात सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, एक जानेवारीला. फेब्रुवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे अखेरीस जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाची. ही मे अखेरची होती. "कागदावर मोठी, अंगानं पोर," अण्णा म्हणायचे. कोवळ्या घोड्याच्या गुडघ्यातली हाडं जुळून यायला वेळ लागतो, आणि हिला इतरांपेक्षा जास्त लागणार होता. हिवाळी हंगामात दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती सुरू होतात. जो कोणी हिला घेईल तो तेव्हाच पळवणार, आणि आईचं झालं तेच हिचं होणार, ही अण्णांची धास्ती. त्यांना तिला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नुसतं वाढू द्यायचं होतं.

पण अण्णांनी लिलावात हात वर केला असता तर अर्ध्या मांडवानं केला असता. म्हणून माझी नेमणूक झाली. "तुझ्याकडे कोण बघणार?" ते म्हणाले. हे कौतुक होतं असं मी समजले. खूण ठरली. मी कॅटलॉग वर करत राहायचा. अण्णा समोरच्या रांगेत बसतील. ते इकडेतिकडे बघत असतील तोवर बोली वाढवायची. त्यांनी घोडीकडे बघितलं की थांबायचं, म्हणजे आवाक्याबाहेर गेली.

लिलावाच्या दिवशी मी ऑफिसात पोट दुखतंय असं कळवलं. काळी घोडी आत आली. लांब पाय, कपाळावर नावालाही पांढरं नाही. बोली सुरू झाली. मी कॅटलॉग वर केला. अण्णा छताकडे बघत होते. बाकीचे गळत गेले आणि शेवटी दोघं उरलो, मी आणि पांढऱ्या बुटांचा एक तरुण बिल्डर. त्यानं हात केला की मी कॅटलॉग करायची. अण्णा पंखा बघत होते, दाराकडे बघत होते, शेजारच्याच्या टकलाकडे बघत होते.

तेवढ्यात घोडी सईसाच्या हातातला दोर ताणून थांबली, मान उंच केली आणि बारीक आवाजात खिंकाळली. आणि अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मान वळवून, सरळ, डोळे भरून.

मी कॅटलॉग मांडीवर ठेवला. हातोडा पडला.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "का थांबलीस?"

"तुम्ही बघितलंत, अण्णा."

ते रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघायला लागले. "हो," ते म्हणाले, "बघितलं. आईच ओरडल्यासारखी वाटली." घरी आल्यावर मला रडू फुटलं. अक्कांना त्यांनी एवढंच सांगितलं, "पोरीची चूक नाही. खूण मी मोडली." त्या दिवशी अण्णा पंख्याकडे न बघता पानाकडे टक लावून जेवले, आणि मीठ बरोबर होतं.

त्यानंतर अण्णा रोज सकाळी ट्रॅकच्या कठड्याशी जाऊन उभे राहू लागले. ज्या दिवशी घरून काम असेल त्या दिवशी मीही जायची. काळी घोडी धुक्यातून यायची आणि अण्णा खाली वाकून नाडी बांधायचे. पावसाळा गेला, आणि बातमी आली की बिल्डर तिला हिवाळ्यातल्या पहिल्याच शर्यतीत उतरवणार. डॉक्टरांनी पायांचे फोटो काढून ठीक आहे म्हटलं होतं. "ठीक आहे म्हणजे तुटलेलं नाही," अण्णा म्हणाले. "तयार आहे असं कोण म्हणालं?"

मग अण्णांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. रेसकोर्सच्या कँटीनमध्ये बिल्डर इडली खात बसला होता. सगळी मंडळी आजूबाजूला. अण्णा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, त्याच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, "तुमची घोडी फार चांगली आहे. पण उन्हाळ्यापर्यंत थांबा. तिचे गुडघे कच्चे आहेत. तिच्या आईचा गेला, मी बघितलाय."

बिल्डर माणूस वाईट नव्हता. तो नीट ऐकून घेत होता. पण ऐकता ऐकता त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. "अंकल," तो म्हणाला, "तुम्ही आणि सरळ सांगणार? तुम्ही थांबा म्हणता म्हणजे ती आत्ताच जिंकणार. तुमच्या कोणाचा घोडा आहे का त्या शर्यतीत?" कँटीन खदखदून हसलं. अण्णाही थोडे हसले, बिचारे, आणि बाहेर आले. जन्मभर डोळा न विकल्याची ही किंमत. खरं बोलायची वेळ आली तेव्हा ते कोणी घेईना.

परतताना मी म्हटलं, "अण्णा, मग उलटं सांगा ना."

"म्हणजे?"

"पळवा म्हणून सांगा. सगळ्यांसमोर. तुम्ही पळवा म्हणालात की तो घाबरेल."

अण्णा रस्त्यात थांबले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तिला पळवा म्हणून मी सांगू? माझ्या तोंडानं? आणि ह्या एका वेळेला त्यानं माझं ऐकलं तर?"

सॉफ्टवेअर असतं तर एकदा चालवून बघितलं असतं. इथं एकच खेप होती आणि पाय त्या घोडीचे होते. अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. शेवटी अक्काच बोलल्या. "आईच्या वेळेला गप्प बसलात," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगून झालं. तिसरं काय उरलं ते तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा काळ्या घोडीपुढे उभे राहिले. सराव संपवून तिला थंड करायला फिरवत होते, बिल्डर तिथंच होता, आणि अण्णा थांबले म्हटल्यावर बघता बघता कोंडाळं जमलं. त्यांनी तिचा खूर उचलला. खांद्यावरून हात फिरवला. पुढच्या गुडघ्यावर तळवा ठेवून तो तिथंच राहू दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चुकीचं बोललो होतो. अशी तयार घोडी मी बघितली नाही. पळवा. याच शर्यतीत पळवा, एक दिवस थांबू नका."

कोणी हसलं नाही. बिल्डर अण्णांच्या तोंडाकडे बघत होता. "नक्की, अंकल?" त्यानं विचारलं.

"नक्की," अण्णा म्हणाले. दोन्ही हात त्यांनी चड्डीच्या खिशात घातले होते.

शर्यतीत कोणते घोडे उतरणार याची शेवटची यादी लागेपर्यंत अण्णा नीट जेवले नाहीत. वेताच्या खुर्चीत बसून राहायचे, टँकर आला तरी त्याच्याकडे बघायचे नाहीत. यादी लागली ती मी फोनवर बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. मग धावत खाली गेले. "नाव नाही, अण्णा! काढलं!" बिल्डरनं घोडीला खोकला झाल्याचं कळवलं होतं. अण्णांनी माकडटोपी काढली, तिच्यात तोंड घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. अक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरी. आता दोन घास खा."

घोडी पुढच्या उन्हाळ्यात पळाली, तीन वर्षांची होऊन. घोडामैदान जवळ आलं तेव्हा आम्ही तिघंही कठड्याशी होतो. अक्का आयुष्यात पहिल्यांदा रेसकोर्सवर आल्या होत्या आणि कोणता घोडा आपला हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपला म्हणजे, तसा तो आपला नव्हताच. ती इतकी पुढे गेली की मागचे कोणत्या शर्यतीत आहेत असं वाटावं. माझी नजर तिच्या पायांवरच होती. ती परत आली तेव्हा चारी पाय सारखे पडत होते.

बिल्डर लोकांच्या गराड्यातून थेट आमच्याकडे आला. गळ्यात हार, तोंड फुललेलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय अंकल! आत्ताच पळवा म्हणत होता ना? तुमचं ऐकलं असतं तर हिचे गुडघे गेले असते."

मी तोंड उघडलं होतं. अक्कांनी माझा दंड धरला.

"हो," अण्णा म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं." आणि इतके प्रसन्न हसले की बिल्डरलाच कसंतरी झालं. त्यानं आपल्या गळ्यातला हार काढून अण्णांच्या गळ्यात घातला.

त्याचा परिणाम मात्र व्हायचा तो झाला. आधी थांबा म्हणाले, मग पळवा म्हणाले. घोडी तर हिऱ्यासारखी निघाली. सरळ घ्या की उलट घ्या, म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही, वय झालं, डोळा गेला, असं रेसकोर्सवर सगळे बोलू लागले. काही लोक हळहळून बोलायचे, काही नुसतेच. पुढच्या लिलावाच्या आधी अण्णांचा फोन वाजला नाही. ज्या नावासाठी हा माणूस जन्मभर बीन्सकडे न बघता जगला ते नाव त्यानं एका दुसऱ्याच्या घोडीच्या गुडघ्यांवरून ओवाळून टाकलं होतं, आणि हे ठाऊक असलेली माणसं तीनच. मला फार राग यायचा. अण्णांना यायचा नाही.

"जाऊ या की शिंगरं बघायला," जानेवारीत ते म्हणाले. माझी पुण्याला बदली ठरली होती; ती आमची शेवटची खेप. पागेसमोर तसाच सोहळा चालला होता. एकेक शिंगरू बाहेर येत होतं, चालत जात होतं, परत येत होतं. अण्णा सवयीनं पुढे निघाले. थोडं गेल्यावर थांबले आणि मागे वळून बघितलं. मागे मी होते. दुसरं कोणी नव्हतं. मंडळी पलीकडे कुठल्याशा नव्या जाणकाराच्या पाठीशी लागली होती.

मला वाटलं, आता यांचं मन मोडणार. अण्णांनी माकडटोपी नीट केली. मग एका सोनेरी अंगाच्या शिंगरासमोर गेले. ते वेडंवाकडं उभं राहून त्यांच्या टोपीचा वास घेत होतं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. पायांकडे, छातीकडे, मानेकडे, कानांकडे, पुन्हा पायांकडे. सईस त्याला घेऊन गेला की अण्णा पुढच्यासमोर उभे राहायचे. ऊन चढलं तरी ते हलेनात. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा बाटली हातात घेतली, पण नजर काढली नाही.

"किती सुंदर असतात गे ही," ते म्हणाले. "आयुष्य इथं गेलं, आणि नीट बघायला आज मिळालं."